अर्थपूर्ण काम आणि करिअरचे निर्णय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाबद्दलचे प्रश्न माणसाला सहसा दोन वेळी पडतात: काहीतरी निवडायची वेळ येते तेव्हा, आणि निवडलेलं नकोसं होतं तेव्हा. खाली दोन्ही वेळचे प्रश्न आहेत. जिथे भरवशाचं संशोधन आहे तिथे ते दिलं आहे. जिथे नाही तिथे माझं मत आहे आणि ते मत म्हणूनच वाचावं. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एक धारणा आहे, ती आधीच सांगून टाकते. कामातला अर्थ काम करून पाहिल्यावर कळतो, आधी फारसा कळत नाही. म्हणून मोठा निर्णय घेण्याआधी त्याचा एखादा छोटा तुकडा जगून पाहण्याची सोय शोधावी.

अर्थपूर्ण काम म्हणजे समाजसेवा का?

समाजसेवा हा त्याचा एक प्रकार झाला. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या संशोधकांनी १९७०च्या दशकात कामाच्या स्वरूपाबद्दल एक मांडणी केली, ती आजही वापरात आहे. त्यांच्या मते काम अर्थपूर्ण वाटायला तीन गोष्टी कारणीभूत ठरतात. एक, आपली वेगवेगळी कौशल्यं वापरली जाणं. दोन, एखादं काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून पूर्ण होणं. तीन, त्या कामाने कुणाच्या तरी आयुष्यात फरक पडणं. याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी त्यांनी महत्त्वाच्या मानल्या: काम कसं करायचं हे ठरवायची मोकळीक, आणि काम नीट झालं की नाही हे कामातूनच समजणं.

या यादीत कुठेही क्षेत्राचं नाव नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मोठ्या सेवाभावी संस्थेत दिवसभर एकाच तक्त्यात माहिती भरणाऱ्याला या पाचांपैकी एकही गोष्ट मिळत नसेल. उलट एका छोट्या कारखान्याचे हिशेब एकट्याने सांभाळणाऱ्याला पाचही मिळत असतील. संस्थेचं उदात्त ध्येय तुमच्या टेबलापर्यंत पोहोचतं का, हा खरा प्रश्न आहे.

कामाला वैतागला असाल तर 'मजा नाही' एवढ्यावर थांबू नका. पाचांपैकी नेमकं काय कमी पडतंय ते बघा. मोकळीक नसेल तर वरिष्ठांशी बोलावं लागेल. आपल्या कामाचं पुढे काय होतं हे कळत नसेल, तर ते वापरणाऱ्याला जाऊन भेटावं लागेल. तक्रार एकच वाटली तरी दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

मला माझी आवडच सापडलेली नाही. बाकीच्यांना ती सापडलेली दिसते. मी कुठून सुरुवात करू?

आवड कुठेतरी तयार होऊन बसलेली असते आणि ती फक्त शोधायची असते, ही समजूत आधी बाजूला ठेवा. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये या विषयावरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एका प्रयोगात सहभागी झालेल्यांना कृष्णविवरांवरचा एक रंजक व्हिडिओ दाखवला. तो बहुतेकांना आवडला. मग त्याच विषयावरचा अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवड ठरलेलीच असते असं मानणाऱ्यांचा उत्साह तिथे जास्त घसरला. आवड वाढवता येते असं मानणारे त्यामानाने टिकून राहिले.

यातून काय घ्यायचं? अवघड टप्पा प्रत्येक कामात येतो. त्या टप्प्यावर 'म्हणजे हे आपलं क्षेत्र नव्हे' असा निष्कर्ष काढणारा माणूस एकामागून एक चांगली कामं टाकत जातो आणि शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था होते. दुसऱ्यांना आवड 'सापडलेली' दिसते, पण त्यांनी त्यात घातलेली कंटाळवाणी वर्षं आपल्याला दिसलेली नसतात.

सुरुवात करण्यासाठी मी तीन गोष्टी विचारते. कुणी न सांगता तुम्ही कोणत्या कामात गरजेपेक्षा जास्त वेळ घालवता? लोक तुमच्याकडे मदत मागायला कशासाठी येतात? आणि तिसरा, माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न: कोणत्या कामातली कटकट तुम्हाला इतरांपेक्षा कमी टोचते? शिकवण्याची हौस पुष्कळांना असते, पण तीच चूक दहाव्यांदा शांतपणे दुरुस्त करणं थोड्यांनाच जमतं. लिहायला अनेकांना आवडतं, पण लिहिलेलं खोडून पुन्हा लिहायला सगळ्यांनाच आवडत नाही. कटकट सहन होते तिथे माणूस टिकतो, आणि टिकला की हात बसतो.

उत्तरांतून एक दिशा निवडा आणि तिच्यात एखादी वस्तू, सेवा किंवा मजकूर असा पूर्ण करा की घराबाहेरचं एखादं माणूस तो वापरेल. नुसत्या कोर्सला नाव नोंदवणं यात धरू नका. कोर्समध्ये विषय कळतो. त्या विषयातला नोकरीचा दिवस कसा जातो, हे तिथे कळत नाही.

मग कल चाचणी करून घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही. अशा बऱ्याच चाचण्यांचं मूळ जॉन हॉलंड यांच्या मांडणीत आहे. त्यांनी १९५९ पासून विकसित केलेल्या सिद्धांतात आवडींचे सहा प्रकार आहेत: हाताने करायची कामं, शोध घेणं, कलानिर्मिती, माणसांना मदत, उद्यम आणि व्यवस्थित नोंदी-नियोजन. स्वतःबद्दल बोलायला शब्द मिळतात, हा चाचणीचा खरा फायदा. चाचणीच्या निकालावरून क्षेत्र ठरवू नका. त्या क्षेत्रातल्या माणसांना काय विचारायचं, ते त्यावरून ठरवा.

घर चालवायचं आहे, त्यामुळे नोकरी सोडणं शक्य नाही. आहे त्याच कामात काही अर्थ सापडू शकतो का?

हो, आणि मला वाटतं बहुतेकांनी आधी इथेच प्रयत्न करावा.

एमी रेझनेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोक आपल्या कामाकडे तीन नजरांनी बघतात असं त्यात दिसलं: पगाराचं साधन, वर चढायची शिडी किंवा मनापासून स्वीकारलेलं जीवनकार्य. तिन्ही गटांत साधारण सारखेच लोक होते. एकाच हुद्द्यावरच्या, प्रशासकीय साहाय्यक म्हणून काम करणाऱ्यांमध्येही तीच विभागणी दिसली. म्हणजे काम तेच, नजरा तीन.

पुढे २००१ मध्ये रेझनेस्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण मांडलं. काहीजण नेमून दिलेली सफाई करून मोकळे होत. काहीजण स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्या व्यवस्थेचा भाग समजत. ते रुग्णांशी आणि नातेवाइकांशी बोलत, परिचारिकांच्या कामाच्या वेळा बघून आपलं काम आखत. हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कामाचा आकार आतून बदलला होता.

अॅडम ग्रँट यांचा २००७ मधला प्रयोग यापेक्षाही बोलका आहे. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांपैकी एका गटाची, त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घडवली. दुसऱ्या गटाला त्या विद्यार्थ्याचं पत्र वाचायला दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. महिन्याभराने पाहिलं तर भेट झालेल्या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. बाकीच्या दोन गटांत तशी वाढ नव्हती. पत्र वाचूनही नाही! माणूस समोर दिसावा लागला.

म्हणून तुमच्या कामाचा शेवटचा लाभार्थी कोण, हे शोधा आणि शक्य असेल तर त्याला प्रत्यक्ष भेटा. दुसरं, तुमच्या कामाच्या वेळेतला एक छोटा हिस्सा कुणाचीही परवानगी न लागता तुम्हाला कसा बदलता येईल ते बघा: नव्याने आलेल्याला शिकवणं, वारंवार होणारी चूक मुळातून दूर करणं, दुसऱ्या विभागाशी थेट बोलायला सुरुवात करणं.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. पगार वेळेवर मिळत नसेल, अपमान होत असेल, गैरप्रकारात सामील व्हायला सांगितलं जात असेल, तर नजर बदलण्याचा सल्ला कुणाचाही ऐकू नका. तिथे बाहेर पडण्याची तयारी करायची असते.

काम मनापासून आवडतं म्हणून कमी पैशात करावं का?

हा प्रश्न पुरेशा लोकांना पडत नाही, याची मला काळजी वाटते. २००९ मध्ये स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही माणसं शिकलेली, पगार कमी, काम शारीरिक कष्टाचं. तरी अनेकांना हेच आपलं जीवनकार्य वाटत होतं. ज्यांना ते तसं जास्त वाटत होतं ते पगार, वेळ आणि आराम यांच्यावर पाणी सोडायला जास्त तयार होते. त्याच वेळी व्यवस्थापन प्राण्यांच्या बाबतीत कुचराई करतंय का याकडे त्यांचं लक्षही जास्त असे. अर्थ आणि त्याग इथे एकमेकांना चिकटूनच आले.

२०२० मध्ये जे युन किम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कर्मचारी कामावर प्रेम करणारा असेल, तर त्याच्याकडून बिनपगारी किंवा कामाबाहेरचं काम करून घेणं लोकांना जास्त रास्त वाटतं. 'त्याला आवडतंच की!' हे वाक्य त्यामागे असतं.

त्यामुळे आवडत्या कामाचा मोबदला ठरवताना एक कसोटी लावा: हेच काम, याच दर्जाचं, न आवडता करणाऱ्या माणसाला ते किती देतील? तेवढं मागा. स्वेच्छेने कमी घ्यायचं असेल तर किती कमी आणि किती काळ, हे तुम्ही ठरवा, त्यांनी नव्हे.

पैसा महत्त्वाचा की समाधान?

पैशाने सुख एका मर्यादेनंतर वाढत नाही, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याचा एक मोठा आधार डॅनिएल कानेमान आणि अँगस डीटन यांचा २०१० मधला अमेरिकेतल्या लोकांवरचा अभ्यास होता. पण मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ मध्ये वेगळाच निष्कर्ष मिळाला, आणि मग कानेमान, किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले. २०२३ मध्ये त्यांनी लिहिलं की बहुतेकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर सुखाची भावना वाढतच जाते. ती थबकते ती मुख्यतः आधीच खूप दुःखी असलेल्या गटात. दोन संशोधक एकमेकांना खोडून न काढता एकत्र काम करतात, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तेव्हा पैशाला कमी लेखू नका. पण पैशाचा करिअरमधला सर्वात मोठा उपयोग मला वेगळा वाटतो: तो 'नाही' म्हणण्याची ताकद देतो. पगार बंद झाला तरी किती महिने घर चालेल, हा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ असावा. तो एक असेल तर तुम्ही समोर येईल ते काम घेता. आठ-दहा असेल तर निवड करता. अर्थपूर्ण कामाकडे जायचं असेल तर पहिलं पाऊल बऱ्याचदा खर्च आवरून हा आकडा वाढवणं हेच असतं.

दोन ऑफर समोर आहेत. कशी निवड करू?

हा प्रश्न जुना आहे. १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली हे धर्मोपदेशक आणि वैज्ञानिक अशाच पेचात होते. लॉर्ड शेलबर्न यांनी त्यांना नोकरी देऊ केली होती आणि त्यासाठी स्थिरावलेलं घर-गाव सोडावं लागणार होतं. त्यांनी मित्राचा, बेंजामिन फ्रँकलिन यांचा सल्ला मागितला. फ्रँकलिन यांनी पत्रात लिहिलं की काय करावं हे मी सांगू शकत नाही, पण कसं ठरवावं हे सांगतो. कागदावर मधोमध रेघ मारायची. एका बाजूला अनुकूल मुद्दे, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीन-चार दिवस जसजसं सुचेल तसतसं लिहीत जायचं. मग दोन्हीकडचे सारख्या वजनाचे मुद्दे खोडायचे, कधी एकासमोर दोन, कधी दोनांसमोर तीन. शेवटी उरेल त्यावर ठरवायचं. प्रीस्टली यांनी ती नोकरी घेतली, आणि १७७४ मध्ये शेलबर्न यांच्याच बोवुड हाउसमधल्या प्रयोगशाळेत त्यांनी ऑक्सिजन वेगळा केला.

या पद्धतीतले 'तीन-चार दिवस' मला सर्वात महत्त्वाचे वाटतात. एका बैठकीत केलेली यादी त्या दिवसाच्या मनःस्थितीची यादी असते. रागात असाल तर सध्याच्या कामाचे दोषच आठवतील.

यादीत काय लिहायचं, यावर एक सूचना. हुद्दा, पगार, कंपनीचं नाव हे मुद्दे आपसूक येतात. जे आपसूक येत नाही ते मुद्दाम लिहा: मधल्या आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत मी नेमकं काय करत असेन? कुणाशी बोलेन? माझं काम कोण तपासेल? दोन वर्षांनी मला काय येत असेल जे आज येत नाही? हे माहीत नसेल तर ऑफर देणाऱ्यांना विचारा. त्या जागी आज काम करणाऱ्या एकाला आणि ती जागा सोडून गेलेल्या एकाला भेटा. दुसऱ्याकडून जास्त शिकायला मिळतं. आधी तो माणूस का गेला हेच सांगायला कंपनी टाळाटाळ करत असेल, तर तीही एक माहितीच.

स्वतःच्या कल्पनाशक्तीवर इथे फार विसंबू नका. डॅनिएल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की प्राध्यापकांना कायमची नेमणूक मिळाली तर आपण किती सुखी होऊ आणि नाकारली गेली तर किती दुःखी, याचे त्यांचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा बरेच टोकाचे होते. दुरून डोंगर साजरे, आणि दुरून दऱ्याही खोल.

सर्वोत्तम संधी मिळेपर्यंत थांबावं का?

शीना अय्यंगार, रेचल वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांनी २००६ मध्ये नोकरी शोधणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तमच हवं असा आग्रह धरणाऱ्यांना सुरुवातीचा पगार सुमारे २० टक्के जास्त मिळाला. तरीही ते मिळालेल्या नोकरीबद्दल इतरांपेक्षा कमी समाधानी होते. माझं मत: किमान अटी आधी लिहून काढा, आणि त्या पूर्ण करणारी पहिली चांगली संधी घ्या. हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्येच पुरेसं चांगलं ते निवडण्याच्या या वागण्याचा शास्त्रीय विचार मांडला होता.

मनाचा कौल ऐकावा की डोक्याने चालावं?

कौल कशाबद्दल आहे, यावर ते ठरतं. अंतःप्रेरणेवर भरवसा असलेले गॅरी क्लाइन आणि तिच्याबद्दल साशंक असलेले कानेमान यांनी २००९ मध्ये मिळून एक निबंध लिहिला. अंदाज खरा ठरायला दोन अटी लागतात, असं दोघांचं एकमत झालं. त्या क्षेत्रात ओळखता येण्याजोगी नियमितता असली पाहिजे. आणि माणसाला दीर्घकाळ सराव आणि त्यावर लगेच कळणारे परिणाम मिळालेले असले पाहिजेत.

करिअर बदलाच्या बाबतीत या अटी बहुधा पूर्ण होत नाहीत. माणूस आयुष्यात मोजकीच क्षेत्रं बदलतो आणि निर्णयाचा परिणाम वर्षांनी दिसतो. 'मला आतून वाटतंय की हा व्यवसाय चालेल' या वाटण्याला म्हणून फार वजन देऊ नका. मात्र माणसांचा सहवास आपण रोज अनुभवत आलो आहोत. मुलाखतीत होणाऱ्या वरिष्ठांशी बोलताना अवघडल्यासारखं झालं, उत्तरं टाळली जाताहेत असं जाणवलं, तर ते नक्की लिहून ठेवा आणि त्याची चौकशी करा. मनाच्या कौलाने चौकशी सुरू करावी, निकाल देऊ नये.

या क्षेत्रात इतकी वर्षं घातली. आता सोडलं तर सगळं वाया जाईल ना?

हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये नाटकांच्या हंगामी तिकिटांवर प्रयोग केला. काहींना पूर्ण किमतीत तिकीट मिळालं, काहींना अनपेक्षित सवलतीत. पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच, हंगाम तोच. गेलेला पैसाच त्यांना खेचून नेत होता.

वर्षांचंही तसंच होतं. विचारायचा प्रश्न असा: आज मी या क्षेत्रात नसतो/नसते आणि मला आजची सगळी माहिती असती, तर मी इथे आले असते का? उत्तर 'नाही' असेल तर गेलेली दहा वर्षं हे पुढची दहा देण्याचं कारण होऊ शकत नाही.

पण 'सगळं वाया' हेही खरं नसतं. कागद बाजूला घ्या आणि हुद्दा न लिहिता फक्त क्रियापदांत लिहा: मी वाटाघाटी करते, बिघाड शोधते, रागावलेल्या माणसाला शांत करते, मुदतीत काम उरकते. यातलं बरंच तुमच्याबरोबर येतं. जे येत नाही ते म्हणजे त्या क्षेत्रातली पत आणि ओळख. तेवढंच नुकसान मोजा, जास्त नको.

नोकरी सोडावी की नाही, हे कित्येक महिने ठरत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एक संकेतस्थळ सुरू करून अशाच कुंपणावर बसलेल्या लोकांना नाणेफेक करून दिली. २० हजारांहून जास्त नाणेफेकी झाल्या आणि 'नोकरी सोडू का' हा त्यातला एक ठळक प्रश्न होता. नाण्याने 'बदल कर' म्हटलेल्यांनी बदल करण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि मोठ्या निर्णयात बदल केलेले लोक सहा महिन्यांनी न बदललेल्यांपेक्षा जास्त सुखी होते.

याचा अर्थ सगळ्यांनी राजीनामे द्यावेत असा होत नाही. ते लोक आधीच निम्मे बाहेर होते. अर्थ एवढाच की दीर्घकाळ पारडी समसमान वाटत असतील, तर आपण बहुधा बदलाच्या धोक्याला जरुरीपेक्षा जास्त वजन देत असतो. अशा वेळी मी निर्णयाचे दोन भाग करायला सांगते. परत येता येईल असा भाग आजच सुरू करा: अर्ज पाठवा, रजा घेऊन त्या क्षेत्रातल्या माणसाबरोबर आठवडाभर काम करा, सुट्टीच्या दिवशी पहिला ग्राहक घ्या. राजीनामा हा परत न घेता येणारा भाग, तो शेवटी.

मी पार थकून गेले आहे. क्षेत्रच चुकलं का?

कदाचित नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची ('बर्नआउट'), नोंद आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित घटना म्हणून केली आहे. तिची तीन लक्षणं: शक्ती संपल्याची भावना, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. कारण असतं कामाच्या जागचा, नीट न हाताळलेला दीर्घ ताण.

आणि ताण म्हणजे नुसतं जास्त काम नसतं. लंडनमधल्या १० हजारांहून जास्त सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून पाठपुरावा करणाऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात आढळलं की ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी होता त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता. त्यामुळे क्षेत्र बदलण्याआधी जागा, वरिष्ठ किंवा कामाची पद्धत बदलून बघणं शहाणपणाचं. झोप उडाली असेल, रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर करिअरचा निर्णय थांबवा आणि आधी डॉक्टरांना भेटा.

माझ्या काहीच ओळखी नाहीत. नव्या क्षेत्रात शिरकाव कसा होणार?

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. मित्रांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांतूनही सैल ओळखींचं महत्त्व पुढे आलं. म्हणजे जुना सहकारी, एकदा भेटलेला प्रशिक्षक, वर्गातला फारसा न बोलणारा मुलगा, हे सगळे तुमच्या ओळखीतच मोडतात. त्यांना 'नोकरी द्या' असं लिहू नका. 'तुमचं काम प्रत्यक्षात कसं असतं ते वीस मिनिटं सांगाल का' असं लिहा. याला बहुतेक माणसं होकार देतात.

घरच्यांना माझा निर्णय पटत नाही. काय करू?

यावर मला संशोधन सांगता येणार नाही, अनुभवातून बनलेलं मत आहे. घरचे विरोध करतात तेव्हा त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: तुमची काळजी आणि लोकांपुढची प्रतिष्ठा. काळजीला आकड्यांनी उत्तर देता येतं. किती महिने पुरेल एवढे पैसे बाजूला आहेत, कधीपर्यंत प्रयत्न करणार, जमलं नाही तर कुठे परतणार, हे कागदावर दाखवा. आई-बाबांना स्वप्नापेक्षा मुदत लवकर समजते. प्रतिष्ठेला मात्र वादाने उत्तर नसतं. तिथे वेळ जाऊ द्यावा लागतो.

त्यांचं ऐकूनही घ्या. तुम्ही किती काम अर्धवट सोडता, कशाने खचता, हे त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेलं असतं. आणि तुमच्या निर्णयाचा खर्च त्यांच्या खांद्यावर पडणार असेल, तर तो निर्णय एकट्याने घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही, असं मला वाटतं.

वय चाळिशीपुढे गेलंय. उशीर झाला का?

काही परवाने आणि परीक्षा यांना वयोमर्यादा असते, ती आधी तपासा. बाकी ठिकाणी प्रश्न वयाचा कमी आणि शिकताना काही काळ नवख्यासारखं वागायची तयारी आहे का, याचा जास्त असतो.

माझा निर्णय बरोबर होता की नाही, हे कसं ओळखायचं?

निकालावरून नेहमी ओळखता येत नाही. नीट विचार करून घेतलेली नोकरी कंपनी बुडाल्यामुळे जाऊ शकते, आणि आंधळेपणाने घेतलेली उडी नशिबाने साधू शकते. शिवाय निकाल कळल्यावर आपली आठवण बदलते. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवलं की एकदा काय घडलं हे कळलं, की ते आधीपासूनच उघड होतं असं माणसाला वाटू लागतं. म्हणून आठवणीवर न विसंबता निर्णयाच्या दिवशीच पानभर लिहून ठेवा: कोणते पर्याय होते, काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, काय घडेल असं वाटतं आणि किती खात्रीने.

त्या पानावर आणखी दोन नोंदी कराव्यात. पहिली गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली: एक वर्ष पुढे गेलो आहोत आणि हा निर्णय पुरता फसला आहे असं धरून चाला, आणि का फसला याची कारणं लिहा. 'फसेल का?' असं विचारलं तर मन बचाव करतं, पण 'फसला, का?' असं विचारलं तर ते कारणं देतं. दुसरी नोंद वेळेची. १९९४ मधल्या एका अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला होता. सगळं बिघडलं तर ४९ दिवस लागतील म्हणाले. प्रत्यक्षात सरासरी ५५ हून जास्त दिवस लागले. नवं कौशल्य शिकायला, पहिला ग्राहक मिळायला, पगार पूर्वीइतका व्हायला किती वेळ लागेल याचा स्वतःचा अंदाज लिहा, आणि शेजारी आधी त्या वाटेने गेलेल्या तीन-चार जणांना प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहा. पैशांची तरतूद दुसऱ्या आकड्याप्रमाणे करा.

पान पुन्हा उघडायची तारीख त्याच दिवशी ठरवा. सहा महिने बहुधा पुरतात, व्यवसाय सुरू केला असेल तर वर्ष द्या. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, फक्त मूळ नोंदीत नंतर फेरफार करू नका. मत बदललं तर खाली नवी तारीख टाकून वेगळं लिहा.